फजिती कोणाची, हे आधी ठरव

पत्र : मी यावल तालुक्यातला, वय 20, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यूट्यूबवर जिममध्ये सफाईवाला बनून पैलवानांना चकवणाऱ्या अनातोलीचा मी कट्टर चाहता. कोणाला शिवी नाही, धक्काबुक्की नाही, तरी हसून पोट दुखतं. तसंच काहीतरी आपल्याकडे करायचं म्हणून मित्राला घेऊन आठवडे बाजारात पहिला प्रँक केला. दावी-कासरे विकणाऱ्या एका आजोबांसमोर पावतीपुस्तक धरून म्हणालो, "इथं बसायचं 500 रुपये चलन लागतं." ते काहीच बोलले नाहीत. चंची काढून तिची दोरी सोडायला लागले, हात थरथरत होते. मग आम्ही "मजा केली आजोबा" म्हणून हसलो, तेही हसले. चंचीची दोरी सोडण्यापर्यंतचाच 14 सेकंदांचा व्हिडिओ इन्स्टा आणि यूट्यूब दोन्हीकडे टाकला, मिळून 62 हजार व्ह्यूज आले. मित्र म्हणतो चॅनल उचललं. आईनं पाहिला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं चुकलं कुठं? अनातोलीही लोकांना फसवतोच ना? मला येतं म्हणाल तर एकच : तीन सीझन केळी कापणीला गेलोय, घड हातात घेतला की वजन सांगतो. आणखी एक, अनातोलीला शंभरेक कमेंट केल्या, एकालाही उत्तर नाही.

उत्तर : मित्रा, काय चुकलं त्याच्याआधी आज संध्याकाळपर्यंत करायचं काम सांगतो. तो व्हिडिओ काढ. 'अर्काइव्ह' किंवा 'प्रायव्हेट' करून ठेवू नकोस, डिलीट कर. इन्स्टावर डिलीट केलेली रील 30 दिवस 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये पडून असते, तिथूनही काढ. मित्राच्या फोनमधली मूळ फाइल, व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेली कॉपी, सगळं शोध. एखाद्या गावाकडच्या पेजनं उचलून टाकला असेल तर त्यांना साधा निरोप पाठव : मूळ व्हिडिओ आम्ही काढलाय, तुम्हीही काढा. नाही ऐकलं तर रिपोर्ट कर.

मग पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी लवकर, गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आत, आजोबांकडे जा. आईला सोबत ने. दोघं पोरं पुन्हा समोर उभी राहिली तर त्यांना वाटेल, आता आणखी काय काढलंय यांनी. फोन घरी ठेव. माफीचा व्हिडिओ हा दुसरा प्रँकच असतो. आणि त्यांना स्वच्छ शब्दांत सांग की ते पावतीपुस्तक खोटं होतं, चलन-बिलन काही लागलेलं नाही. तू म्हणतोस तुम्ही "मजा केली" म्हणालात. पण कशाची मजा, हे त्यांना कळलं का? दंड माफ झाला असं वाटून ते हसले असतील तर पुढच्या आठवड्यात ते 500 रुपये बाजूला बांधूनच बाजारात येतील. पैसे देऊ करू नकोस, त्यांच्या ते मनाला लागेल. एक कासरा घे, सांगतील त्या भावात, घासाघीस न करता.

आता चुकलं कुठं. कायद्याचं दोन ओळींत संपवतो, कारण मुख्य गोष्ट ती नाही. सरकारी माणूस असल्याचं सोंग करून त्या भूमिकेत काही करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा आहे, शिक्षा 6 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंत. पावतीपुस्तक, खाकी शर्ट, टीसीचा काळा कोट, मीटर बघायला आलेला वायरमन, यातलं काहीही नको. भुसावळ-जळगाव पट्ट्यातल्या पोरांना रेल्वेत व्हिडिओ करायची फार हौस. विनाकारण साखळी ओढली तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यूट्यूबनं 2019 च्या जानेवारीत नियम स्पष्ट केला : समोरच्याला खरोखर जिवाला धोका आहे असं वाटायला लावणारे आणि लहान मुलांना मानसिक त्रास देणारे प्रँक चालणार नाहीत. तुझा व्हिडिओ या नियमात कदाचित बसणारही नाही. तरी तो वाईटच होता.

का, ते बघायला अनातोलीकडेच जाऊ. हा युक्रेनचा पॉवरलिफ्टर, खरं नाव व्लादिमीर श्मोन्देन्को. अंगानं पैलवान वाटत नाही, त्यात ढगळ कपडे घालतो. हातात फरशी पुसायचा मॉप आणि बादली, आणि तो मॉप तब्बल 32 किलोचा. आता त्याचा एक व्हिडिओ आवाज बंद करून तीनदा बघ, कागद घेऊन. पहिल्या वेळी फक्त लिही की कोणत्या सेकंदाला तो माणसाशी पहिलं बोलतो. दुसऱ्यांदा, तो खरी ताकद कोणत्या सेकंदाला दाखवतो. तिसऱ्यांदा अनातोलीकडे बघूच नकोस. समोरच्या पैलवानाचे खांदे आणि हात बघ.

तुला दिसेल ते असं. सुरुवातीला सगळ्यांच्या नजरेत खाली कोण आहे? अनातोली. "जरा बाजूला होता का, इथं पुसायचंय," असं म्हणणारा किरकोळ माणूस. गैरसमज होतो तो त्याच्याबद्दल, हसू होतं ते त्याचं. मग तो एका हातानं वजन उचलतो आणि पैलवानाचं तोंड उघडंच राहतं. त्या पैलवानाचं जातं काय? पैसा नाही, अब्रू नाही, घाम फुटत नाही. पुढं तो हात मिळवतो, फोटो काढतो, कधी उचलायची रीत विचारतो. घरी जाऊन सांगायला एक किस्सा मिळतो, तो नफाच. फसवणूक दोन्हीकडे आहे, ते तुझं म्हणणं बरोबर. पण तिकडं फसलेल्याला "अरे, हा तर आपल्यापेक्षा भारी निघाला" असं कळतं, आणि तुझ्या बाजारात "आपण गरीब, आपल्याला कोणीही लुबाडू शकतं" हे आजोबांना पुन्हा एकदा कळलं.

ही रीत परदेशातून शिकायची गरज नाही. बहुरूपी आठव. दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीसमोर येतो, तुमच्या नावाचं वॉरंट आहे म्हणून अकडून बोलतो, आणि ऐकणारा अर्धा फसतो अर्धा ओळखतो. सोंग तिथंच, त्याच ओट्यासमोर उतरतं. शेवटी हात कोण पसरतो? बहुरूपी. बिदागी द्यायची की नाही ते घरधनी ठरवतो. म्हणजे खाली वाकतो तो सोंग घेणारा. (वॉरंटाचं सोंग मात्र त्याच्याकडेच राहू दे, कलम वर दिलंय.)

म्हणून कोणताही प्रँक ठरवताना शेवट आधी लिही. उलगडा झाल्यावर समोरचा माणूस पहिलं वाक्य काय बोलेल, ते कागदावर लिहायचं. "हात्तिच्या!" किंवा "अरे, कुठला रे तू?" असं येत असेल तर पुढं जा. "बरं झालं, मला वाटलं..." असं येत असेल तर कागद फाड. सुटकेचं हसू कॅमेऱ्यात मजेच्या हसण्यासारखंच दिसतं, तुझा मित्र तिथंच फसलाय.

आता तुझं भांडवल. घड हातात घेऊन वजन सांगणं ही बारीक गोष्ट नाही, आणि यावल-रावेर पट्ट्याच्या बाहेर तर ती जादूच. अनातोलीचा मॉप जसा, तसा तुझा घड. पण त्याची नक्कल म्हणून जड वस्तू उचलायच्या भानगडीत पडू नकोस. त्या 32 किलोंच्या मागं कित्येक वर्षांचा सराव आहे, तयारी नसलेल्याची कंबर एका झटक्यात धरते.

सोंग असं : कापणी चाललेल्या बागेत शहरातून आलेला पाहुणा. पांढरा शुभ्र सदरा, कडक इस्त्री. केळीच्या बागेत पांढरे कपडे घालून येणारा माणूस बघितला की कापणी करणाऱ्या मजुरांच्या टोळीतले लोक आपोआप हसतात, चिकाचे डाग त्यांना ठाऊक असतात. तू एक-दोन बावळट प्रश्न विचार, "ही पिवळी झाल्यावरच कापतात ना?" यापेक्षा जास्त नको, तिसऱ्या प्रश्नाला नाटकाचा वास येतो. मग घड उचलायला माग, मुद्दाम चुकीचा धर, कोणीतरी दांड्याला कसं धरायचं ते शिकवेल. शिकवू दे. त्याला मोठेपणा मिळतोय, हाच सगळ्या खेळाचा पाया. आणि मग सहज म्हणाल्यासारखं : "एकवीस किलो चारशे असेल, नाही?" काट्यावर टाकल्यावर 21.3 आला की पहिल्या वेळी लोक म्हणतील, लागला अंदाज. दुसऱ्या घडाला गप्प होतील. तिसरा घड ते स्वतः निवडून आणतील, वेडावाकडा, फण्या कमी असलेला, तुला पाडायला. इथं थांब आणि सांग : "काका, तीन सीझन कापणी केलीय, अमुक गावचा आहे."

अंदाज चुकला तर? दोन किलोंनी चुकला तर पाहुण्याचीच फजिती, सगळे आणखी हसतील, व्हिडिओ तरीही उभा राहतो. कोणत्याही बाजूनं पडलं तरी लाज सोंग घेणाऱ्यावर, असा प्रँक निवडायचा.

तयारी मात्र पक्की लागते. ज्या काट्यावर शूटिंग करायचं त्याच काट्यावर आधी 40-50 घडांचा सराव कर, वहीत दोन रकाने : सांगितलेलं, निघालेलं. चांगल्या बागेतले घड 20-25 किलोंच्या आसपास असतात, त्यामुळं 22 म्हणत राहिलास तरी अर्धे जवळपास बरोबर येतील. खरी परीक्षा 14 आणि 30 च्या घडांवर. दांडा किती लांब ठेवून कापलाय तेही बघ. पावसात किंवा दवात भिजलेला घड फसवतो. काटा सपाट जागेवर हवा, खाली ढेकूळ आलं तर तुझा बरोबर अंदाजही चुकीचा ठरेल. वर पोतं टाकलं असेल तर ते टाकल्यावर शून्य करून घे.

आणि ज्यांना आधी सांगायचं त्यांना सांग : बागेचा मालक आणि टोळीचा मुकादम. टोळीचं काम अंगावर असतं, जितका माल भरला तितकी मजुरी. म्हणून भर कामात 10 मिनिटं खाऊ नकोस, चहाच्या सुट्टीत कर. घड जमिनीवर आपटू नकोस, पाल्यावर ठेव. दाबलेली केळी काळी पडते आणि व्यापारी ती बाजूला काढतो. आपटलाच तर त्याचे पैसे तिथल्या तिथं दे, व्हिडिओत नाही, नंतर. पैजेला पैसे लावायचे नाहीत. कोणी लावलेच तर घ्यायचे नाहीत.

थांबायची खूण मित्राशी ठरवून ठेव, एखादं साधं वाक्य, "पाणी कुठं मिळेल?" असं काहीतरी. दोघांपैकी कोणीही ते बोललं की त्याच क्षणी उलगडा. कधी बोलायचं? चिडलेला माणूस ओळखायला सोपा, तो आवाज चढवतो. घाबरलेला गप्प होतो. हात खिशाकडे किंवा कमरेकडे जातो, आवाज खाली येतो, पोराला फोन लावू का म्हणतो, आजूबाजूला ओळखीचा चेहरा शोधतो. तुझे आजोबा यातलं पहिलंच करत होते आणि तुम्ही तोच क्षण व्हिडिओत ठेवलात.

कॅमेरा लपवायची गरजच नाही, पाहुण्याचा व्हिडिओ काढणारा भाऊ सगळीकडे असतो. मित्र उघडपणे शूट करू दे. दुसरा फोन काट्याच्या आकड्यांवर लाव. लाल एलईडी आकडे व्हिडिओत लुकलुकतात. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर 1/50 ला ठेव, तरी नाही जमलं तर आकड्यांचा साधा फोटो काढून मध्ये घाल. आकड्यांवर ऊन पडलं तर काहीच दिसत नाही, वर केळीचं पान धर. बागेत ऊन-सावलीचे ठिपके असतात, फोन सारखा उजेड कमी-जास्त करतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड लॉक होतो.

बिघडतो तो आवाज. फाटक्या पानांची सळसळ, लांबची मोटर, आणि तीन माणसं एकदम बोलणारी. कॉलरचा माइक घेतलास तर त्याला स्पंज लाव आणि सदऱ्याच्या आतून अडकव. पैसे नसतील तर तिसरा फोन खिशात व्हॉइस रेकॉर्डरवर चालू ठेव, सुरुवातीला एक टाळी वाजव, एडिटिंगमध्ये त्या टाळीवर आवाज आणि चित्र जुळव. फोन 'एअरप्लेन'वर, ऐन क्षणी कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. 1080पी, 30 फ्रेम पुरे. मिनिटाला 100-130 एमबी धर, अर्ध्या तासाला 4 जीबी मोकळे हवेत. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात धरलेला फोन तापून कॅमेराच बंद करतो, सकाळी नऊच्या आत उरक. कव्हर काढ, पॉवर बँक लावून शूट करू नकोस.

परवानगीचं ऐक, इथं भल्याभल्यांचं चुकतं. उलगडा झाला की कॅमेरा चालू ठेवूनच विचार : "हा व्हिडिओ यूट्यूबवर टाकतोय, गावोगावचे लोक बघतील, चालेल का?" तिथं सगळे हो म्हणतील. चारचौघांत, हसण्याच्या भरात, भीड पडते. म्हणून एडिट झालेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी एकेकट्याला दाखव आणि पुन्हा विचार. टोळीत बायका असतील तर त्यांना वेगळं विचार, मुकादमाचा होकार त्यांचा धरू नकोस. लहान पोरं असतील तर ती फ्रेम काप. कोणी नाही म्हणालं तर तो माणूस पूर्ण काढ. चेहरा धूसर करून भागत नाही; आपल्या गावांत माणूस चालीवरून, रुमालावरून, खोकण्यावरून ओळखतात.

एडिटिंगमध्ये एकच नियम न मोडणारा : उलगडा कापायचा नाही. तुझ्या 14 सेकंदांत तो नव्हताच, म्हणून 62 हजार लोकांनी फक्त थरथरणारे हात बघितले. यूट्यूबचा शॉर्ट आता 3 मिनिटांपर्यंत करता येतो, 14 मध्ये कोंबायचं कारण नाही. तुझ्या या खेळाला 60 ते 80 सेकंद लागतील. पहिल्या 3 सेकंदांत पांढरा सदरा आणि घड एका चौकटीत दिसू दे. तिसऱ्या घडानंतर काकांच्या चेहऱ्यावर 2 सेकंद थांब, संगीत बंद. तोच चेहरा झूम करून तीनदा दाखवायचा आणि वर गाढवाचा आवाज टाकायचा, हे नको, ती टिंगल झाली. बोली आहे तशीच ठेव. तुझ्या बाजूची लेवा गणबोली आणि तिकडं साक्री-पारोळ्याची अहिराणी यांत फरक आहे, पण खाली प्रमाण मराठीत ओळी दिल्यास की दोन्हीकडचे बघतील, पुण्याचेही. आणि एखादं वेळी प्रसंग लिहून, माणसं ठरवून करावा वाटला तर खुशाल कर, मालेगावच्या छोटू दादाचे यूट्यूबवरचे विनोदी व्हिडिओ लिहिलेलेच असतात आणि कोट्यवधी लोक बघतात. फक्त त्याला प्रँक म्हणू नकोस.

चॅनल उचलल्याचं म्हणशील, तर मित्राला हिशेब दाखव. यूट्यूबच्या जाहिरातीतून पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर लागतात, आणि जोडीला 12 महिन्यांत 4000 तास पाहिले जाणं किंवा शॉर्ट्सना 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज. 62 हजार त्यात कुठं बसतात ते त्यालाच काढू दे.

अनातोलीनं उत्तर दिलं नाही याचं मनावर घेऊ नकोस, इतक्या कमेंट एक माणूस वाचूच शकत नाही. "लव्ह फ्रॉम इंडिया" लिहिणारे हजारो असतात. लिहायचंच तर एका ठरावीक क्षणाबद्दल लिही, "अमुक मिनिटाला त्या म्हाताऱ्या पैलवानानं तुला वाट करून दिली ते आवडलं," असं. उत्तर येईलच असं नाही, पण निदान तू तेवढं नीट बघितलेलं असशील. त्याच्या व्हिडिओचे तुकडे आपल्या चॅनलवर चढवू नकोस, 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक म्हणजे चॅनल जाऊ शकतं.

आणि सदरा कॉलेजचा चांगला घालू नकोस. जुन्यातला शोध, इस्त्री करून घे. केळीचा चीक धुतल्यावर निघत नाही, वाळला की तपकिरी होतो, आणि आई नुकतीच बोलायला लागलेली असेल.